आभासी सभेतला सराव खऱ्या सभेत कामी येतो का?

‘तो व्हीआरचा चष्मा लावून सराव केला की भाषणाची भीती जाते म्हणतात, खरं आहे का?’ मुलाखतीच्या तयारीतली मुलं, नव्यानं निवडून आलेल्या सरपंच ताई, शिक्षक असे बरेच जण हल्ली हे विचारतात. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी. तो चष्मा डोळ्यांवर लावला की संगणकानं तयार केलेली सभा खरीच समोर असल्यासारखी दिसते. पाठोपाठ शंकाही येते. समोरची माणसं खोटी आहेत हे ठाऊक असताना भीती वाटेलच कशाला? आणि भीती वाटली नाही, तर सराव कसला झाला?

भीती वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना संगणकानं तयार केलेल्या श्रोत्यांसमोर बोलायला लावलं होतं. श्रोते कंटाळलेले, तुच्छतेनं बघणारे असले की एरवी धीटपणे बोलणारेही अस्वस्थ होत. समोर चित्रं आहेत हे प्रत्येकाला माहीत होतं, तरी छातीत धडधड व्हायची ती झालीच.

माझ्याकडे उपचारासाठी आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या कोल्हापुरातल्या एका छोट्या पतसंस्थेत व्यवस्थापक. हिशेबात एकदम पक्क्या. आदल्या वर्षीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचायला उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच पानावर आवाज बसला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘ओ मॅडम, आवाज येईना!’ शेजारच्या संचालकांनी कागद हातातून घेऊन पुढचं वाचून टाकलं. तेव्हापासून माईक दिसला तरी त्यांच्या पोटात गोळा यायचा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, सभा घ्यावीच लागते. त्या आषाढात माझ्याकडे आल्या. ‘कागद हातात घेतला की अक्षरंच हालायला लागतात बघा,’ म्हणाल्या. व्हीआरचं त्यांच्या मुलानं सुचवलं होतं.

चष्मा लावायच्या आधी मी त्यांना विचारलं, ‘बोलायला लागल्यावर नक्की काय होईल असं वाटतं?’ उत्तर तयार होतं. आवाज बंद पडेल, हात थरथरताना सगळ्यांना दिसतील, लोक हसतील. ते एका कागदावर लिहून घेतलं आणि प्रत्येक गोष्टीची किती खात्री वाटते तेही टक्क्यांत लिहायला सांगितलं. माझ्या मते सगळ्या उपचारातलं हे सर्वांत मोलाचं काम. मनानं केलेलं भाकीत आणि प्रत्यक्षात घडलेलं शेजारी-शेजारी दिसलं की भीतीचा पाया हलतो. ‘घाबरू नका’ असं कितीही वेळा सांगून ते होत नाही.

सुरुवात बैठकीच्या छोट्या खोलीपासून केली, मग भरलेलं सभागृह. पहिल्याच दिवशी एक गोष्ट आपोआप घडली. चष्मा डोळ्यांवर असताना हातातला कागद दिसत नाही! आजवर ताई कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून, मान वर न करता, भराभर वाचून मोकळ्या व्हायच्या. तोंडात लवंग असायची. या सगळ्या गोष्टींचा आधार वाटतो, पण त्यानंच भीती टिकून राहते, कारण ‘कागद होता म्हणून निभावलं’ असंच मन धरून बसतं. शिवाय त्या वेगानं वाचताना श्वास घ्यायलाच जागा राहत नव्हती. आवाज बसायचा तो त्यामुळे. कागद गेल्यावर ठेवी किती वाढल्या, थकबाकी कुठं अडकली, लाभांश किती, हे त्यांना आपल्या शब्दांत सांगावं लागलं. आकडे त्यांना तोंडपाठच होते. सुरुवातीला आवाज कापला, पण बंद पडला नाही. भीती शिगेला असताना चष्मा काढायचा नाही, एवढा एकच नियम मी घातला होता. गरगरलं किंवा मळमळलं तर मात्र लगेच थांबायचं. फिट्स येत असतील, चक्करचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चष्मा लावूच नये.

त्या बोलत असताना मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं. ते दाखवल्यावर ताई म्हणाल्या, ‘हात एवढे हलत होते, इथं तर दिसतच नाहीत.’ केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास हेच सांगतो. आपली घालमेल आपल्याला जाणवते तेवढी समोरच्याला दिसत नाही, आणि हे आधी सांगितलेल्या लोकांची भाषणं अधिक चांगली झाली.

चष्म्याला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. त्यातले श्रोते जांभया देतात, मोबाईल बघतात, पण आपल्याकडच्या सभासदांसारखे मध्येच उठून बोलत नाहीत. म्हणून ताई चष्मा लावून बोलत असताना मी मागून मोठ्यानं विचारायचे, ‘लाभांश किती देणार ते आधी सांगा!’ त्यांनी थांबायचं, श्वास घ्यायचा, ‘त्या विषयावर येतेच’ म्हणायचं आणि पुढं जायचं. माईकमधून घुमणारा स्वतःचा आवाजही चष्म्यात भेटत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या खऱ्याच घेतल्या. आधी संस्थेचे कर्मचारी, मग ओळखीच्या बचत गटाची बैठक, शेवटी रिकाम्या सभागृहात माईक लावून. हा टप्पा गाळला की घरच्या खुर्चीत धीट झालेला माणूस व्यासपीठावर पुन्हा अडखळतो, असं मी पाहिलं आहे.

हा उपाय दुय्यम दर्जाचा आहे असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात ९७ जणांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आभासी सराव आणि खऱ्या माणसांच्या गटातला सराव यांत फरक आढळला नाही. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. पण तिथं सोबत प्रशिक्षित उपचारक होते. भीती फक्त भाषणापुरती असेल तर मोबाईल बसवायचा साधा चष्मा घेऊन घरीही सुरुवात करता येते. चारचौघांत जेवणं, फोन उचलणं, दुकानात काही मागणंही अवघड जात असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

सप्टेंबरात सभा झाली. ताईंचा आवाज पहिली दोन-तीन वाक्यं कापरा होता. थकबाकीवरून एका सभासदानं जोरात विचारलं, तेव्हा त्या थांबल्या, फाईल उघडून आकडा शोधला आणि सांगितला. फाईल उघडताना सभागृह वाट बघत होतं, आणि काहीही बिघडलं नाही. ‘थांबलं तरी काही बिघडत नाही’ हे आम्ही भाकितं लिहिलेल्या कागदावर नव्हतं, ते त्यांनी नंतर स्वतःच लिहिलं. वर्षभर बोलणंच झालं नाही तर भीती परतू शकते, म्हणून संचालकांच्या मासिक बैठकीत मागचं इतिवृत्त वाचायचं काम त्यांनी मागून घेतलं आहे. लवंग अजून पर्समध्ये असते. पुढच्या महिन्यात ती घरी ठेवून जायचं ठरलं आहे.