वाचक विचारतात : फौज माघारी येते तेव्हा

प्रश्न : परदेशात वर्षानुवर्षे तळ ठोकून बसलेली फौज परत आणायला एवढे महिने का लागतात? निर्णय झाला की निघायचे, त्यात काय अवघड? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : माणसे लवकर हलतात. अडते ते रस्त्यापाशी आणि क्रमापाशी. अफगाणिस्तानात सोव्हिएत युनियनचे सुमारे १ लाख सैनिक होते. माघारीसाठी झालेल्या जिनिव्हा करारानुसार १५ मे १९८८ ला माघार सुरू झाली, १५ ऑगस्टपर्यंत निम्मी फौज बाहेर पडली आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला तिथल्या सोव्हिएत फौजेचे सेनापती जनरल ग्रोमोव्ह यांनी सरहद्दीच्या अमू दर्या नदीवरचा पूल ओलांडला.

जलालाबाद, कंदाहारकडची लांबची ठाणी पहिल्या टप्प्यातच रिकामी केली. काबूलहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौक्या मात्र अखेरपर्यंत राखल्या, कारण उरलेल्यांना त्याच वाटेने जायचे होते. घाटरस्त्याची रीत सगळीकडे सारखीच : आधी दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर पिकेट, म्हणजे पहाऱ्याची छोटी तुकडी, चढवायचे, मग खालून ताफा सोडायचा. शेवटची गाडी पुढे गेली की पिकेट उतरते आणि पिछाडीला मिळते. पिकेट घाईने उतरले, तर टेकडी लगेच दुसऱ्याच्या हाती जाते आणि खालची पिछाडी उघडी पडते. नुकसान होते ते बहुधा याच क्षणी.

या रस्त्यावर सालंगचा बोगदा आहे, ३,००० मीटरहून उंच आणि अडीच किलोमीटरहून लांब. चोर्ला घाटात एक ट्रक आडवा झाला की काय होते, हे खानापूरकरांना सांगायला नको. सालंगमध्ये १९८२ साली गाड्या आत अडकल्या, थंडीमुळे इंजिने चालूच राहिली आणि धुराने अनेक जण गुदमरून मेले. म्हणून अशा ठिकाणी ताफ्यांमध्ये अंतर ठेवतात आणि बंद पडलेली गाडी दुरुस्त करत न बसता ओढून किंवा ढकलून वाट मोकळी करतात.

प्रश्न : सोव्हिएत फौज गेल्यावरही काबूलचे सरकार तीन वर्षे तगले. मग २०२१ मध्ये अमेरिकेची फौज पुरती निघायच्या आतच सरकार कसे कोसळले? (माजी सैनिक, निपाणी)

उत्तर : सैनिक परत गेले, तरी सोव्हिएत रसद थांबली नव्हती. इंधन, धान्य, दारूगोळा आणि पैसा येत राहिला. १९८९ च्या वसंतात सरकारविरुद्ध लढणारे मुजाहिदीन जलालाबादवर चालून गेले, पण शहर पडले नाही. सोव्हिएत युनियनच मोडले, मदत आटली आणि एप्रिल १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांची सत्ता गेली.

अमेरिकेने तालिबानशी केलेल्या फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात सैनिकांबरोबर कंत्राटी कर्मचारीही हलवायचे कबूल केले. आमच्या मते घाव इथे बसला. अफगाण हवाई दलाची विमाने आणि हेलिकॉप्टरे हेच लोक चालू ठेवत. जुनी रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरे अफगाण मेकॅनिकांच्या हातातली होती. त्यांच्या जागी दिलेली अमेरिकन ब्लॅक हॉक तशी नव्हती. हेलिकॉप्टर उडाले नाही की दूरच्या चौकीला काडतुसे नाहीत, जखमींना इस्पितळ नाही. अशी चौकी लढत नाही, बोलणी करते.

दुसरी चूक क्रमाची. दोन धावपट्ट्यांचा बगरामचा हवाई तळ जुलैच्या सुरुवातीलाच रात्रीत सोडला. १५ ऑगस्टला काबूल पडले तेव्हा हाताशी शहरातला एका धावपट्टीचा विमानतळ उरला. गर्दी धावपट्टीवर आली आणि उड्डाणेच थांबली. अखेरचे विमान ३० ऑगस्टच्या रात्री उडाले.

प्रश्न : आपली शांतिसेना श्रीलंकेत होती, तो ताबा म्हणायचा का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. जुलै १९८७ च्या करारानुसार, तिथल्या सरकारच्या संमतीने फौज गेली. पुढे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनीच ती परत न्या म्हटले. टप्प्याटप्प्याने फौज निघाली आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजावर चढली. माघार शिस्तीत झाली, पण जाण्याआधी घाईघाईने उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मी तमिळ वाघांपुढे (एलटीटीई) टिकली नाही. तिच्यात जबरदस्तीने भरलेली कोवळी पोरे होती.