गाडी ‘सोडणे’ आणि गाडी ‘धरणे’

प्रश्न असा आहे: मोटारीच्या माहितीपुस्तिकेच्या अनुवादात ‘कोस्टिंग’ला ‘घरंगळणे’ आणि ‘इंजिन ब्रेकिंग’ला ‘इंजिन-गतिरोध’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत. घरंगळतो तो दगड, नाहीतर हातातून निसटलेला गडू. ‘गाडी घरंगळत गेली’ म्हटलं की हँडब्रेक लावायचा राहिला आणि आत कोणी नव्हतं, असंच चित्र उभं राहतं. आणि ‘गतिरोध’ वाचून रस्त्यावरचा गतिरोधकच आठवणार.

खरं तर शब्द आपल्या तोंडात आहेतच. इथे नागपुरात सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना मागच्या सीटवरून हमखास ऐकू येतं, “काहून पेट्रोल जाळून राहिला? न्यूटल करून सोडून दे ना!” हे ‘सोडून देणं’ म्हणजेच कोस्टिंग: इंजिनाचा चाकांशी संबंध तोडायचा आणि गाडी तिच्या ओघाने जाऊ द्यायची. त्याच्या उलट ‘धरणं’, म्हणजेच इंजिन ब्रेकिंग: गिअर तसाच ठेवून इंजिनाकरवी गाडीचा वेग आवरायचा. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना जाणता ड्रायव्हर म्हणतो, “ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, इंजिन गाडी धरते.”

हे ‘धरणं’ मोटारीच्याही आधीचं आहे. उतारावर बैलगाडीचं ओझं पुढे रेटतं, जू शिंगांकडे सरकतं आणि बैल मागे जोर देऊन गाडी धरतात. मोटारीत हेच काम इंजिन करतं, म्हणून हा शब्द मला इतका नेमका वाटतो.

पेट्रोलचं इंजिन धरतं कसं? सुई काढलेली सिरिंज घ्या, तोंडावर अंगठा किंचित सैल ठेवा आणि दट्ट्या ओढा. जो विरोध जाणवतो, तोच. (पिस्टनलाही आपण दट्ट्याच म्हणतो.) ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची झडप जवळजवळ मिटते. चाकं मात्र इंजिन फिरवतच असतात, त्यामुळे दट्ट्यांना अपुऱ्या हवेविरुद्ध ओढत राहावं लागतं. त्यात घर्षणाची भर. दाबलेल्या हवेमुळे इंजिन धरतं असं बरेच जण सांगतात, पण ती हवा प्रसरण पावताना बराचसा जोर परत देते. डिझेलच्या इंजिनात सहसा अशी झडप मिटत नाही, म्हणून ते तेवढं धरत नाही आणि ट्रकना वेगळा एग्झॉस्ट ब्रेक (धुराची बाहेर जायची वाट अडवून इंजिनाला धरायला लावणारा) लागतो.

आता त्या मागच्या सीटच्या सल्ल्याबद्दल. कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) काळी त्यात तथ्य होतं. आजच्या, संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय काढला, की इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय तोवर संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे लांब उतारावर सोडलेली गाडी पेट्रोल पिते, धरलेली पीत नाही! शिवाय सोडलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून ढिले पडतात. कोणी चावीच बंद केली तर एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, कारण त्याला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिनच तयार करत असतं.

तेव्हा पुस्तिकेत सरळ लिहावं: ‘उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, खालच्या गिअरवर धरा.’ शीर्षकासाठी नामच हवं असेल तर ‘इंजिन ब्रेकिंग’ देवनागरीत तसंच ठेवावं; गॅरेजमधला मेकॅनिकही तेच म्हणतो.