अहमदाबादचा हेरिटेज वॉक गाईडसोबत करावा की मॅप लावून आपलं आपणच फिरावं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या कामासाठी अहमदाबादला जाताय, रविवारची सकाळ तेवढी मोकळी आहे, सोबत आई आहेत, वय 62, गुडघे अधूनमधून दुखतात, तर जुन्या शहरातला तो मंदिर ते मशीद वॉक गाईडसोबत घ्यावा की मोबाईल हातात धरून आपणच फिरावं. गाईडसोबतच घ्या. आणि वॉक संपला की लगेच रिक्षा पकडू नका, अजून अर्धा तास हातात ठेवा, कशासाठी ते शेवटी सांगते, कारण ती गोष्ट खास मराठी माणसाची आहे.

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं अहमदाबादला होते. पहिल्यांदा एकटी गेले, मॅप लावून, दोन तास चालले आणि घरी येऊन कोणी विचारलं काय पाहिलंस तर सांगता येईना. गल्ली, गल्लीतून गल्ली, समोर भिंत, परत मागे, तो निळा ठिपका घरांवरून उड्या मारत राहतो कारण पोळेत, म्हणजे तिथल्या जुन्या दाटीच्या वस्तीत, आभाळच मुळात हातभर दिसतं. आणि पोळ बांधलीच आहे अशी की अनोळखी माणसाला कळू नये. पोळ म्हणजे संस्कृतातली प्रतोली, म्हणजे वेस, दरवाजा. एक मोठा दरवाजा, आत एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या खडक्या आणि खांचे, म्हणजे पोटगल्ल्या आणि कोपरे, रात्री दरवाजा लावला की आतले सगळे सुरक्षित. बाहेरच्याला चुकवण्यासाठीच जी जागा बांधली तिथे बाहेरचा माणूस मॅप लावून काय बघणार? आतला माणूसच लागतो. दुसऱ्यांदा मी वॉकला गेले, मग मावशी आली तेव्हा तिला घेऊन गेले, नंतर ऑफिसमधल्या मैत्रिणींना घेऊन. तिन्ही वेळा गाईड वेगळे होते आणि तिन्ही वेळा नवीन काहीतरी दिसलं.

हा वॉक महानगरपालिकेने 1997 साली सुरू केला, आपल्याकडच्या शहरांमधल्या अगदी सुरुवातीच्या वॉकपैकी एक. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि जामा मशिदीपाशी संपवायचं, सकाळी 8 च्या सुमारास सुरू होतो (बुकिंग करताना वेळ विचारून घ्या), दोन-अडीच तास, अंतर दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास पण सलग चालायचं नसतं, थांबत थांबत असतं. त्यामुळे आईंना जमेल. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, तिला जमलं, फक्त एवढं करा की चपला-बूट पटकन काढता-घालता येतील असे घाला, देवळात आणि मशिदीत काढायला लागतात आणि वाकून लेस बांधणं हाच सगळ्यात जास्त त्रास होतो. पोळेतल्या घरांना बाहेर ओटला असतो, म्हणजे आपला ओटा, गाईड बोलत असताना आईंना त्यावर बसू द्या, घरात कोणी दिसलं तर आधी विचारा, मला तरी कधी कोणी नाही म्हटलं नाही.

सुरुवातीचं मंदिर 1822 चं, स्वामिनारायण संप्रदायाचं पहिलं मंदिर, सागवानावरचं कोरीव काम आणि वर ते भडक रंग. तिथे फार वेळ घालवत नाहीत आणि तेच बरं, कारण खरी गंमत रस्ता ओलांडून लांबेश्वरनी पोळेत शिरलं की सुरू होते. तिथे कवी दलपतराम यांचं घर होतं. आता घर नाही, मोकळा चौक आहे आणि त्यात कवी धातूचे होऊन बसलेत, अगदी ओट्यावर बसल्यासारखे, पायाशी पोरं खेळत असतात. एकोणिसाव्या शतकातला गुजरातीतला इतका मोठा कवी, आणि त्याला उंच चबुतऱ्यावर न चढवता घराच्या जागी गल्लीतच बसवलाय, मला हे फार आवडलं. चबुतऱ्यावरून आठवलं, तिकडे चबुतरो म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकायचा उंच खांब, वर नक्षीदार छत्रीसारखी जागा. वर बघत चला, बऱ्याच पोळांमध्ये दिसेल.

पुढे रिलीफ रोडवर कॅलिको डोमची जागा, तो डोम 1960 च्या दशकात कॅलिको मिलच्या दुकानासाठी गौतम आणि गिरा साराभाईंनी उभारला होता, ते पटकन होतं. मग हाजा पटेलनी पोळ आणि तिथलं काळा रामजी मंदिर. आपल्याला काळाराम म्हटलं की नाशिक, उभा राम. इथला काळ्या पाषाणाचा राम बसलेला आहे. मावशी नाशिकची, ती तिथे जी उभी राहिली ती हलेचना, सगळा ग्रुप पुढच्या वळणावर आमची वाट बघत थांबला. आईंना तिथे वेळ द्या, गाईडला आधीच सांगून ठेवा.

आता दोन गोष्टी ज्या गाईडशिवाय दिसणारच नाहीत. एक म्हणजे चोरवाट. शांतिनाथनी पोळेत गाईड एका साध्या दाराकडे चालायला लागतो, तुम्हाला वाटतं कोणाच्या तरी घरात घुसतोय, चार माणसं अवघडून मागे थांबतात, आणि आत पाऊल टाकलं की काळोखी बोळ, डोक्याला लागेल इतकी बुटकी, दहा-बारा पावलं आणि दुसऱ्याच पोळेत बाहेर. दंगल झाली, हल्ला झाला तर बायकामुलांना निसटता यावं म्हणून ठेवलेल्या वाटा. मॅपवर ते दार म्हणजे एक घर आहे, बस्स.

दुसरी म्हणजे टाकं. तिकडे टांकू म्हणतात, आपण गडावर टाकं म्हणतो तेच, पण इथे ते घराच्या पोटात. एका घरातल्या आजींनी गाईडच्या ओळखीने आम्हाला चौकात घेतलं. चौकात फरशीत तांब्याचं गोल झाकण, आजींनी ते दोन्ही हातांनी सरकवलं आणि मला म्हणाल्या वाक, बोल काहीतरी. मी मावशीचं नाव घेतलं आणि ते खालून घुमून वर आलं, गार हवा तोंडावर आली, आणि वास कसलाच नाही, ना शेवाळाचा ना कोंदटपणाचा. पाऊस छपरावर पडतो, तिथून नळाने खाली येतो, पहिल्या पावसाचं पाणी सोडून देतात म्हणजे छप्पर धुऊन निघतं, नंतरचं आत घेतात, चुन्याचा गिलावा आणि आत ऊन अजिबात नाही म्हणून पाणी वर्षभर टिकतं. उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जाणाऱ्या गावात लोकांनी कितीतरी चौकांखाली स्वतःचा पाऊस साठवला होता. आजींनी पोहरा सोडून पाणी काढलं आणि दिलं, मी प्यायले, मावशी दोनदा प्यायली. प्रत्येक वॉकला हे होईलच असं नाही, तुम्ही गाईडला आवर्जून विचारा की एखादं टाकं बघता येईल का.

घरांचं म्हणाल तर आपण वाडे बघितलेली माणसं, त्यामुळे चौक, ओसरी ओळखीची वाटते, पण वाडा ऐसपैस पसरतो आणि पोळेतलं घर अरुंद तोंडाचं आणि आत लांबच लांब, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, उजेड-वारा जो यायचा तो चौकातून. लाकडाचा सांगाडा आणि त्यात विटा भरलेल्या, मधूनमधून भिंतीत आडव्या तुळया घातलेल्या. भूकंपात असं घर हलतं, करकरतं, पण लाकूड धक्का खाऊन घेतं. आम्हाला गाईडने 2001 च्या भूकंपाचं सांगितलं, 26 जानेवारीची सकाळ, शहरात नव्या अपार्टमेंट कोसळल्या आणि पोळेतली कितीतरी जुनी घरं उभी राहिली. ते सांगताना तो भिंतीतल्या तुळईवर हात ठेवून उभा होता आणि आम्ही सगळे ती तुळई बघत होतो, पुस्तकात हे वाचून मला इतकं नीट समजलं नसतं.

पुढे दोशीवाडानी पोळेत कुवावाळो खांचो म्हणजे विहिरीचा चौक, तिथे थांबून चारी बाजूंची घरं बघायची, एकावर युरोपियन वळण, एकावर मुघल, आणि एक दाखवून गाईड म्हणतो हे मराठा. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही दोघीच मराठी, आमच्याकडे बघून हसला. 1758 पासून 1817 पर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या सामायिक ताब्यात होतं, वसुलीची वाटणी होती, मग इंग्रज आले. आपल्या शाळेच्या पुस्तकात अटक आणि पानिपत असतं, अहमदाबाद कुठे असतं सांगा?

हरकुंवर शेठाणींची हवेली नीट बघा. नवरा शेठ हठीसिंग गेल्यावर त्याने सुरू केलेलं दिल्ली दरवाजाबाहेरचं जैन मंदिर या बाईंनी 1848 मध्ये पूर्ण करून घेतलं. हवेलीचा सज्जा पेलणाऱ्या लाकडी घोड्यांवर, म्हणजे खालच्या आधारांवर, इतकं कोरलंय की मान दुखेपर्यंत बघत राहावं. तिथेच मनाला लागणारी गोष्टही दिसते. शेजारपाजारची बरीच घरं कुलपात आहेत, माणसं नदीपलीकडे नव्या भागात गेली, आणि अशा घरांचे कोरीव खांब, दरवाजे उतरवून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना विकले जातात. जुलै 2017 मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा शहर म्हटलं, भारतातलं पहिलं, तरीही हे होतंच आहे. मी तीनदा गेले त्यात एका घराचा दरवाजा पहिल्यांदा होता आणि तिसऱ्यांदा तिथे पत्रा होता. म्हणूनही म्हणते, जाताय तर आत्ताच बघून घ्या.

फर्नांडिस पूल, त्याच्या खाली पुस्तकांची दुकानं, चांदला ओळ (ओळ म्हणजे आपली ओळच), मग मुहरत पोळ जिला शहरातली पहिली पोळ म्हणतात, शेअर बाजार जो 1894 चा म्हणजे मुंबईनंतर देशातला दुसरा, असं करत माणेक चौक. हा चौक सकाळी वेगळा, दुपारी सोन्या-चांदीचा, रात्री खाण्याचा. तुम्हाला सकाळचाच मिळेल, रात्री जमलं तर परत जा. तिथून राणीनो हजीरो, बादशाहनो हजीरो, म्हणजे राण्यांच्या कबरी आणि 1411 साली शहर वसवणाऱ्या अहमदशाहची कबर. बादशाहच्या कबरीच्या आतल्या दालनात बायकांना जाऊ देत नाहीत, आईंना आधीच सांगा म्हणजे दारात जाऊन वाईट वाटणार नाही. मला वाटलं होतं.

जामा मशीद 1424 ची, आत 260 खांब, आणि दाराशीच दोन मिनारांचे अर्धवट बुंधे, वरचा भाग 1819 च्या कच्छच्या भूकंपात गेला. खांबांवर, छतावर नीट बघा, कमळं, साखळीला लटकणारी घंटा, देऊळ घडवणाऱ्या हातांनीच ते घडवलंय हे लगेच कळतं. त्या दगडी अंगणातून आत गेलं की इतकं गार आणि शांत असतं की आमच्या ग्रुपमधलं कोणी पाच मिनिटं बोललं नाही. इथे वॉक संपतो, गाईडचे आभार माना, आणि लोकांचे फोटो काढताना सगळीकडेच विचारून काढा, ही राहती घरं आहेत, कोणी अंघोळ करून ओट्यावर केस वाळवत असतं.

आता तो अर्धा तास. मशिदीतून बाहेर पडून चार-पाच मिनिटं चाललं की तीन दरवाजा, अहमदशाहच्या काळातली तीन कमानींची वेस, खालून गर्दी, कपडे, भांडी, स्कूटर. तिथे लक्ष्मीच्या नावाने एक दिवा तेवत ठेवतात आणि तो सांभाळणारं घर मुसलमानाचं आहे. पण मी तुम्हाला पाठवतेय ते तिथल्या एका शिलालेखासाठी. देवनागरीत आहे, मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने लावलेला, आज्ञा 1812 ची. काय लिहिलंय, तर मुलीला बापाच्या मिळकतीतला तिचा वाटा विनाअडथळा मिळावा, जो मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला जबाब देईल आणि मुसलमान असेल तर अल्लाला. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क कायद्याने 1994 साली मिळाला आणि देशभर 2005 साली, आणि हा दगड बाजाराच्या वेशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावा म्हणून, त्याच्याही पावणेदोनशे वर्षांहून आधी लावलेला.

लेख पटकन सापडत नाही, अक्षरं झिजलीत, आजूबाजूला सामान टांगलेलं असतं, दुकानदाराला विचारलंत तर तो बोट दाखवतो. मावशीने चष्मा पुसून एकेक अक्षर लावायचा प्रयत्न केला, पूर्ण काही लागलं नाही, मग मी अर्थ सांगितला. मावशीने माहेरच्या शेतावरचा हक्क सोडल्याची सही 1983 मध्ये केली होती, भावांनी कागद पुढे केला आणि हिने केली, घरात कोणी कधी त्यावर बोललेलं नाही. ती त्या दगडाला हात लावून थोडा वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली चल, मला तहान लागलीय. तुमच्या आईंना घेऊन जा तिथे, आणि त्यांना उभं राहायचं असेल तितका वेळ राहू द्या.