स्कूबानंतर लगेच विमानात बसू नका म्हणतात; स्पेसवॉकलाही तोच धोका असतो का?

हो, तोच. गोव्यात ग्रँड आयलंडला दोन डाइव्ह मारल्या की दाबोळी विमानतळावरून उडण्याआधी किमान १८ तास थांबतात, कारण दाब उतरला की रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. अंतराळ स्थानकात दाब १४.७ पीएसआय (दाबाचं एकक), स्पेसवॉकच्या सूटमध्ये जेमतेम ४.३. सूट जास्त फुगवला तर बोटं वळणार नाहीत, म्हणून दाब कमीच ठेवावा लागतो.

उपाय म्हणजे आधीच नायट्रोजन बाहेर काढणं. एका पद्धतीत तासभर मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, मग एअरलॉकचा (बाहेर पडण्याआधीच्या बंद खोलीचा) दाब १०.२ वर आणून सूट चढवायचा. सूटमध्येच ५० मिनिटं पाय हलवायचे, ४ मिनिटं हालचाल, १ मिनिट विसावा. पुढे आणखी ५० मिनिटं नुसतं ऑक्सिजन घेत थांबायचं. स्नायू हलले की रक्त जोरात फिरतं, नायट्रोजन लवकर निघतो. मध्येच मास्क काढला तर नायट्रोजन परत शिरतो. हे फार सांभाळावं लागतं.