सिग्नल फुल्ल, तरी नेट रांगतंय

प्रश्न : राजारामपुरीत माझी अभ्यासिका आहे, संध्याकाळी ४० पोरं वायफायवर असतात, सिग्नल फुल्ल पण नेट रांगतंय. काय करू?

उत्तर : दादा, सगळा वेळ नंबर लावण्यातच जातोय बघा. एका चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या एका रेडिओ वाटेवर, एका वेळी एकानंच बोलायचं, म्हणून प्रत्येक मोबाइल आधी कानोसा घेतो, मग ० ते १५ मधला एक आकडा धरून ९-९ मायक्रोसेकंदांचे तेवढे ठोके थांबतो, आणि दोघांचे ठोके एकदमच संपले की टक्कर, दोघांचंही बोलणं वाया, मग पुढच्या खेपेला आकडा ३१ पर्यंत. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असला तर तोही याच रांगेत! राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६, ११ यातला मोकळा चॅनेल घ्या, जमेल तेवढी पोरं ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या. मला विचाराल तर वायफाय ६ चा (वायफायच्या सहाव्या पिढीचा) राउटर घ्याच, एकाच पाळीत बऱ्याच जणांचा डेटा जातो, पण मोबाइलही तसलेच हवेत.