सौम्य हिवाळा आणि बारमाही पाऊस असेल, तर बागेची कामे ऋतूनुसार कशी लावावीत?

कडाक्याची थंडी नाही, पण जवळजवळ प्रत्येक महिन्यात पाऊस पडतो, अशा ठिकाणी बागेचे वर्ष कसे आखावे, असे आपण विचारले आहे. अशा हवामानात थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याने झाडे अधिक दगावतात. म्हणून माझ्या मते कामे तारखांवर न बेतता जमिनीच्या वाफशावर, म्हणजे खणण्याजोग्या ओलाव्यावर, बेतावीत. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा अंगठ्याने टोचताच फुटला, तर खणायला हरकत नाही. तो चिकट राहिला आणि त्यावर बोटांचे ठसे चकाकले, तर वाफ्यात पायही ठेवू नये, कारण ओली माती तुडवली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि मुळे गुदमरून कुजतात. निचरा कमी असेल तेथे 15 ते 20 सेंटीमीटर उंचीचे गादीवाफे हाच खात्रीचा उपाय आहे.

मी वर्षाची सुरुवात शरद ऋतूत धरतो. पावसाळी हिवाळ्यात उघड्या जमिनीतले नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जाते, म्हणून रिकाम्या वाफ्यांत हिरवळीचे खत, म्हणजे पुढे मातीत गाडायचे पीक, पेरावे. कॅल्शियमही असेच वाहून जाऊन माती आम्ल होते. सामू (मातीची आम्लता दाखवणारा pH) तपासूनच चुना घालावा आणि भाजीपाल्यासाठी तो 6.5 च्या आसपास ठेवावा. लसूण याच वेळी लावावा, कारण गड्ड्यात पाकळ्या सुट्या होण्यासाठी त्याला थंडी मिळावी लागते.

हिवाळ्यात पानगळ झालेल्या सफरचंदासारख्या झाडांची छाटणी पुरेशी आहे. वसंतात मात्र घाई नडते: वाटाणा मातीचे तापमान 5 अंश सेल्सिअसच्या वर गेले की उगवू लागतो, पण घेवड्याला सुमारे 12 अंश लागतात आणि त्याआधी पेरलेले बी बहुधा कुजते. कोवळ्या रोपांवर गोगलगायी रात्री तुटून पडतात, त्यामुळे त्या अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन वेचाव्यात आणि त्यांना लपायला जागा देणारे पालापाचोळ्याचे आच्छादन रोपे दणकट झाल्यावरच घालावे.

उन्हाळ्यात खरी धास्ती बटाटा आणि टोमॅटोवरील करप्याची, म्हणजे दमट हवेत पाने काळी पाडणाऱ्या रोगाची, असते. सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंशांच्या खाली गेले नाही आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास हवेतील आर्द्रता 90 टक्के किंवा अधिक राहिली, तर रोज पाने तपासावीत. बटाट्याच्या पानांवर काळपट डाग पसरू लागताच पाला जमिनीलगत कापून बागेबाहेर न्यावा आणि काढणी दोन आठवडे थांबवावी, म्हणजे साल पक्की होते आणि मातीवरील रोगाचे बीजाणू कंदांना लागत नाहीत.