मुलाखतीतला 'निधी दिला' म्हणजे नेमकं काय दिलं, हे आधी विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या गावची ग्रामसभा डोळ्यांसमोर उभी राहिली. तुम्ही लिहिलंय की मंत्र्यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत 'सिंचनाला आम्ही मागच्या सरकारच्या दुप्पट निधी दिला' असं ठासून सांगितलं, तुमच्या साठवण तलावाची भिंत मात्र अर्धवटच आहे. मग मधला पैसा कुणी खाल्ला, आणि पुरावा कसा काढायचा? याच प्रश्नात माझं दीड वर्ष गेलं. माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते तुम्हाला माहीत असेलच, म्हणून ते सोडतो. मी लेखापरीक्षक नाही. तुमच्या खात्याची पद्धत थोडी वेगळी असू शकते, हे धरून वाचा.

माझी चूक एका शब्दाची होती. अर्जात मी विचारलं, 'आमच्या तलावासाठी किती निधी मंजूर झाला?' उत्तर आलं, चार कोटी वीस लाख. जागेवर दिसणारं काम माझ्या अंदाजाने साठ-सत्तर लाखांचं. मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि साडेतीन कोटी खाल्ले असं म्हणून मोकळा झालो. पुढच्या सभेत समोरच्या गटाने कागद आणला: वितरित झालेला निधीच बहात्तर लाख होता. बाकीचा पैसा गावापर्यंत आलाच नव्हता. मी खोटारडा ठरलो. त्याहून वाईट म्हणजे 'पैसा का आला नाही' हा खरा प्रश्न तिथेच मेला. पुढे वर्षभर कुणी माझं ऐकून घेतलं नाही. नेत्याने सांगितलेला 'मंजूर' आकडा मी खर्च समजून चाललो होतो. म्हणजे त्याला विरोध करता करता त्याचाच दावा मी खरा मानला होता.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, आकडा कुठल्या पायरीवरचा आहे ते आधी ठरवा. प्रशासकीय मान्यता मिळाली की कागदावर किंमत येते, पैसा येत नाही. काम रखडलं की दर वाढतात आणि सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता मिळते. तेव्हा तोच आकडा फुगतो आणि मुलाखतीत 'वाढीव निधी' म्हणून ऐकवला जातो. मग अर्थसंकल्पातली तरतूद, त्यातून वितरण, आणि शेवटी मोजमाप पुस्तिकेवरून (झालेलं काम मोजून नोंदवतात ती वही) निघालेलं बिल. खर्च म्हणायचा तो या शेवटच्या पायरीला. तोही जपून. सिंचनाचा पुष्कळसा पैसा राज्य सरकार पाटबंधारे महामंडळांना देतं. सरकारी हिशेबात तो तिथेच खर्ची पडतो, तुमच्या भिंतीवर एक दगड चढलेला नसला तरी. मार्चअखेरीला घाईने बँक खात्यांवर वळवलेल्या पैशाचंही तसंच.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्चाचा रकाना दोन वर्षं मागचा असतो. २०२५-२६ च्या पुस्तकात प्रत्यक्ष आकडे २०२३-२४ चे. त्यामुळे कुणी चालू वर्षाबद्दल 'खर्च केला' म्हणालं तर तो अंदाज आहे असं समजून चाला. पक्का आकडा महालेखापालांच्या, म्हणजे राज्याचे हिशेब मांडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, वार्षिक वित्त लेख्यांत आणि विनियोजन लेख्यांत मिळतो. शासनाच्या बीम्स संकेतस्थळावर लेखाशीर्षानुसार, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या खर्चाला दिलेल्या ठरावीक क्रमांकानुसार, तरतूद, वितरण आणि खर्च शेजारी शेजारी दिसतात. लघुपाटबंधाऱ्यांच्या भांडवली खर्चाचं शीर्ष ४७०२. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

'दुप्पट' ऐकलं की कशाच्या दुप्पट, तेही बघा. मधल्या वर्षांत सिमेंट, सळई, डिझेल, सगळंच महागलं, राज्याचा एकूण अर्थसंकल्पही वाढला. एकूण खर्चात सिंचनाचा वाटा किती होता आणि किती झाला, हा माझ्या मते जास्त प्रामाणिक प्रश्न आहे.

विरोधकांचे आकडेही तेवढेच तपासा. २०१२ मध्ये 'सत्तर हजार कोटी खर्च आणि सिंचन वाढलं ०.१ टक्का' हे वाक्य घराघरात पोचलं. त्यातला ०.१ आला २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून: एकूण पिकाखालच्या क्षेत्रात सिंचित क्षेत्राचं प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेलं होतं. हा दोन प्रमाणांमधला फरक आहे, सिंचित क्षेत्राच्या वाढीचा दर नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने भर दिला तो निर्माण झालेल्या सिंचनक्षमतेवर. क्षमता म्हणजे धरणाखाली जेवढं भिजू शकतं ते, आणि सिंचित क्षेत्र म्हणजे प्रत्यक्षात भिजलं ते. कालवा फुटका असेल तर या दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर पडतं. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं माप घेऊन बोलत होत्या. प्रश्न म्हणून ते वाक्य योग्यच होतं, असं मी आजही मानतो. पण निकाल म्हणून वापरलं गेलं तिथे चुकलं.

मुलाखत रीलमध्ये बघू नका, पूर्ण बघा, आणि क्रियापदं लिहून काढा. 'निधी आणला', 'मंजूर केला', 'तरतूद केली', 'काम पूर्ण केलं' ही चार वेगवेगळी विधानं आहेत. मुलाखतकाराने 'यातले किती खर्च झाले?' हा एक उपप्रश्न विचारला नसेल तर ती मुलाखत मी जाहिरातीत जमा करतो. मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

माझ्या दीड वर्षातले सात महिने एका कार्यालयाने खाल्ले. खर्चाचा तपशील मागितला तर 'माहिती उपविभागाकडे आहे', उपविभाग म्हणे 'विभागाकडे'. अपिलाच्या सुनावणीला जन माहिती अधिकारी दोनदा आलेच नाहीत. तिथे बसून राहिलेल्या त्या दोन दुपारी अजून सलतात. मीही त्यांना आयती संधी दिली होती: एकाच अर्जात तीन विषय घातले होते, आणि आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. तुम्ही फक्त तुमच्या तलावाचं विचारा: प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि रक्कम, वर्षनिहाय वितरित निधी, वर्षनिहाय खर्च, शेवटच्या बिलाची प्रत. शिवाय नस्ती, म्हणजे त्या कामाची फाईल, पाहण्याची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नसतं. आमच्या तलावाला तीन वर्षं छदामही का मिळाला नाही, ते मला त्या नस्तीतल्या एका पत्रावरून कळलं. भूसंपादनाचा मोबदला अडकला होता.

मुलाखतीतलं ते वाक्य शब्दशः आणि तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की जलसंपदाकडे, एवढं इथे टाका. लेखाशीर्ष शोधायला मी मदत करतो. तोवर ग्रामसभेत कुणाचं नाव घेऊ नका.